नदीतले दगड, बाहेरचं लाकूड माशांच्या टँकमध्ये ठेवलं की आठ दिवसांत पाणी बिघडतं? आधी काय तपासायचं, नंतर काय

दिवाळीची सुट्टी संपली की मला ठराविक फोन यायला लागतात. कुणीतरी गावी जाऊन आलेलं असतं, येताना नदीतले चार गुळगुळीत दगड आणि एखादं छान वेडंवाकडं लाकूड गाडीत टाकून आणलेलं असतं, नळाखाली धुवून टँकमध्ये ठेवलेलं असतं, पहिले दोन-तीन दिवस टँक इतका सुंदर दिसतो की घरातले सगळे समोर खुर्च्या टाकून बसतात, आणि मग आठवड्याभरात पाणी चहासारखं नाहीतर दुधासारखं होतं आणि मासे वर यायला लागतात. पाणी बदललं की बरं वाटतं, चार दिवसांनी परत तेच. मी नाशिकला राहते, बारा-तेरा वर्षं टँक ठेवतेय आणि माझ्या स्वतःच्या दोन फुटी टँकमध्ये, भावाकडे, सोसायटीतल्या पोरांच्या टँकमध्ये मिळून हा एकच प्रॉब्लेम इतक्यांदा सोडवलाय की आता एकदा नीट लिहूनच काढते.

पाणी बदलून हा प्रॉब्लेम जात नाही कारण पाण्यात जे उतरतंय ते ज्याच्यातून उतरतंय ती वस्तू अजून आतच बसलेली असते. म्हणून शोधायचं ते वस्तूत, पाण्यात नाही.

आधी लक्षणं बघा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं

पाणी चहाच्या रंगाचं झालंय पण मासे मजेत आहेत, खातायत: हे लाकडातलं टॅनिन, म्हणजे चहात असतं तसं तपकिरी रंग देणारं द्रव्य.

लाकडावर पांढरा, बुळबुळीत, कापसासारखा थर आलाय: बॅक्टेरिया आणि बुरशीचा थर, नव्या लाकडावर बहुतेक वेळा येतोच.

पाणी दुधाळ झालंय, मासे पहाटे किंवा सकाळी वर येऊन तोंड मारतायत: ऑक्सिजन कमी पडतोय किंवा अमोनिया (माशांच्या विष्ठेतून, कुजणाऱ्या घाणीतून होणारं विष) वाढलाय. हे गंभीर.

काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी खरखरीत कड धरतेय, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) दर आठवड्याला चढतोय, टेट्रा किंवा एंजल हे मासे मलूल आहेत पण गप्पी-मोलीला काही होत नाही: दगड विरघळतोय.

मासे ठणठणीत पण श्रिंप (टँकमधल्या छोट्या कोळंब्या) मरतायत, गोगलगायी कवचात शिरून बसल्यायत: तांबं किंवा कीटकनाशक. हेही गंभीर.

सडक्या अंड्याचा वास, किंवा पाण्यावर तेलकट तवंग: लाकूड आतून कुजलंय किंवा चुकीच्या झाडाचं आहे.

यातली पहिली दोन असतील तर घाबरू नका, खाली सांगते. पण मासे वर येऊन तोंड मारत असतील तर पुढचं नंतर वाचा, आधी एअर पंप फुल सोडा, लाकूड बाहेर काढा आणि एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला, तेही क्लोरीन काढलेलं आणि साधारण त्याच तापमानाचं. पहाटे जास्त का होतं तर रात्री लाईट नसल्यामुळे झाडंसुद्धा ऑक्सिजन सोडायच्या ऐवजी वापरतात, त्यात कुजणाऱ्या लाकडावरचे बॅक्टेरिया तोच ऑक्सिजन ओढतात आणि उन्हाळा असेल तर गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो.

फुकटातली पहिली तपासणी: त्या दिवशी तुम्ही अजून काय केलं?

हे मी फोनवर सगळ्यात आधी विचारते आणि निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं. नवे दगड ठेवायचे म्हणून लोक टँक उपसतात, ग्रॅव्हल (तळाची बारीक खडी) ढवळतात, आणि हात ओले आहेतच तर फिल्टरचा स्पंजही नळाखाली खळखळून धुतात. त्या स्पंजमध्येच अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया असतात, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात, वर ढवळलेल्या ग्रॅव्हलमधली घाण पाण्यात आलेली असते, आणि दोन-तीन दिवसांनी पाणी दुधाळ झालं की सगळे बिचाऱ्या दगडाला नावं ठेवतात. स्पंज नेहमी टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत हलकेच पिळायचा. दगड बदलायचे त्याच आठवड्यात फिल्टरला हात लावायचा नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. सोसायटीला एरवी धरणाचं पाणी असतं आणि मार्च-एप्रिलमध्ये टँकर सुरू होतो, टँकरमध्ये बोअरचं पाणी असतं, ते बहुतेक वेळा जड असतं. माझ्या भावाच्या टँकचा टीडीएस अचानक वाढला तेव्हा आम्ही सगळे दगड काढून तपासत बसलो, दोन दिवस त्यात गेले, आणि शेवटी नळाचं पाणी मोजलं तर तेच वाढलेलं. तेव्हापासून मी नळाचं पाणी आधी मोजते, दगड नंतर.

नाक, डोळे आणि एक खिळा

लाकूड बाहेर काढा आणि वास घ्या. ओल्या मातीसारखा किंवा चहाच्या चोथ्यासारखा वास चालतो. सडक्या अंड्याचा आला तर आत हवा न पोचलेल्या जागी कुजायला लागलंय, तो वायू माशांना विषारी असतो. मग खिळा घ्या आणि लाकडात चारपाच ठिकाणी दाबा, विशेषतः जाड बुंध्याकडे आणि फांदी तुटलेली असते तिथे. खिळा लोण्यात जावा तसा गेला तर ते लाकूड कितीही सुंदर असलं तरी टँकचं नाही, उकळून किंवा उन्हात घालून कुजकं लाकूड परत घट्ट होत नाही. साल राहिली असेल तर तीही आधी काढा, कारण सालच पहिली कुजते आणि तिच्या मागे किडे असतात. छोटी फांदी मोडून बघा, कटकन मोडली पाहिजे, वाकली किंवा आत हिरवट ओलसर दिसली तर ते कच्चं आहे, त्यातला चीक आणि साखर पाण्यात उतरणार आणि पाणी दुधाळ होणार. अशा लाकडाला टेरेसवर सहा महिने, खरं तर एक आख्खा उन्हाळा द्यावा लागतो.

पांढरा बुळबुळीत थर असेल आणि खिळा आत जात नसेल तर काही करू नका. जुन्या टूथब्रशने टँकच्या बाहेर घासा, परत ठेवा, दोन-चार आठवड्यांत तो आपोआप कमी होतो आणि श्रिंप, गोगलगायी तो आवडीने खातात. चहाच्या रंगाचंही तसंच. ज्यांना रंग आवडत नाही त्यांनी फिल्टरमध्ये ऍक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाकावी, दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं. मला स्वतःला तो रंग आवडतो, टेट्रा आणि फायटर त्या पाण्यात जास्त खुलून दिसतात.

दोन बादल्या

ही तपासणी फुकट आहे आणि माझा सगळ्यात जास्त विश्वास हिच्यावरच आहे. दोन सारख्या बादल्या घ्या, दोन्हीत एकाच वेळी एकाच नळाचं पाणी भरा, एकीत संशयित दगड किंवा लाकूड ठेवा, दुसरी नुसती पाण्याची. आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवा.

दुसरी बादली कशाला, असं सगळे विचारतात. नळाचं पाणी नुसतं ठेवलं तरी बदलतं, क्लोरीन उडून जातो, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) थोडा वर जातो. ती बादली नसेल तर हा बदलही तुम्ही दगडाच्या नावावर टाकाल. आणि एका वेळी एकच वस्तू. सहा दगड आणि दोन लाकडं एकाच बादलीत घातली तर दहा दिवसांनी तुम्हाला फक्त इतकंच कळेल की काहीतरी गडबड आहे, आणि ते तर आधीच माहीत होतं.

दहा दिवसांनी वास, रंग, तवंग बघा. टीडीएस मीटर असेल तर दोन्ही बादल्या मोजा, नसेल तर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. दगडाच्या बादलीत वीसेक पीपीएमचा फरक मी सोडून देते, ती वरची धूळमाती असते, पाणी बदलून परत आठ दिवस ठेवलं तर तो फरक जवळजवळ नाहीसा होतो. पण दुसऱ्या खेपेलाही तेवढाच किंवा जास्त चढला तर दगड विरघळतोय. एक लक्षात ठेवा, टीडीएस मीटरला लाकडातलं तेल, चीक, कीटकनाशक दिसत नाही, त्यामुळे लाकडाचा आकडा चांगला आला म्हणून लाकूड पास असं नसतं.

व्हिनेगर, आणि आपल्याकडच्या दगडांची गोष्ट

घाट आणि देशावरचा बहुतेक दगड म्हणजे काळा बेसाल्ट, आणि घट्ट, एकसंध बेसाल्ट टँकसाठी उत्तम, पाण्यात काहीही सोडत नाही. पण आपल्या बेसाल्टमध्ये एक खाचखळगा आहे, अक्षरशः. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले आणि पुढे त्या पोकळ्यांमध्ये पांढरी, गुलाबी, हिरवट खनिजं साचली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ज्यांनी ते मोठमोठे स्फटिक बघितलेत त्यांना कळेल मी कशाबद्दल बोलतेय. त्यातली झिओलाइटं आणि क्वार्ट्झ सहसा त्रास देत नाहीत, पण त्यांच्याच जोडीला कॅल्साइट असतं आणि ते म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जे पाण्यात हळूहळू विरघळून जडपणा आणि पीएच दोन्ही वाढवतं. म्हणजे "काळा दगड आहे, चालतो" हे पांढरे ठिपके असलेल्या काळ्या दगडाला लागू होत नाही.

म्हणून व्हिनेगर. दगड कोरडा करा, खिळ्याने ओरखडे काढून थोडी भुकटी होऊ द्या, पांढऱ्या ठिपक्यांवर मुद्दाम, आणि त्यावर स्वयंपाकातलं व्हिनेगर टाकून कान जवळ न्या. बारीक फसफस ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले तर कॅल्शियम कार्बोनेट आहे. ओरखडा का, तर व्हिनेगर सौम्य असतं आणि घट्ट पृष्ठभागावर त्याची फसफस डोळ्याला दिसतच नाही. काही लोक बाथरूमचं ऍसिड वापरतात, त्याने निकाल जास्त स्पष्ट येतो, पण ते करायचं तर उघड्यावर, हातमोजे घालून, एकच थेंब, आणि ब्लीचच्या जवळपाससुद्धा नाही कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. घरात लहान मुलं असतील तर व्हिनेगरवरच थांबा.

शहाबादी फरशीचा तुकडा, कडप्पा, संगमरवर, शिंपले, सगळे बाद, फसफसतात. ग्रॅनाइट आणि गारगोटी चालते. कोकणातून आणलेला जांभा फसफसत नाही पण भुगा होतो, पाणी तांबूस करतो, मी वापरत नाही. नदीच्या दगडाला सिमेंटचा तुकडा चिकटलेला असतो तोही नीट बघा, हल्ली बांधकामाचा राडारोडा सगळीकडे नदीकाठी पडलेला असतो आणि सिमेंटने पीएच फारच वर जातो. आणि व्हिनेगरला न सापडणारी एक गोष्ट म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिस. विसर्जनानंतर नदीच्या गोट्यांमध्ये त्याचे पांढरे, झिजून गोल झालेले तुकडे असतात, ते कॅल्शियम सल्फेट, अजिबात फसफसत नाहीत पण पाणी जड करतात, शिवाय त्यावर रंग असतो. नखाने खरवडलं तर खडूसारखं निघतं, ते टाकून द्या. शहराच्या खालच्या अंगाचे, गटार मिळतं त्यापुढचे दगड मी उचलतच नाही.

फसफसणारा दगड सगळ्यांनी टाकायची गरज नाही. आफ्रिकन सिक्लिड जातीचे मासे ठेवत असाल तर तो फायद्याचा आहे, गप्पी-मोलीलाही चालतो. टेट्रा, एंजल, डिस्कस असतील तर काढा. पीएच वाढण्याचा दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो: अमोनिया तितकाच असला तरी पीएच चढला की त्याचा विषारी भाग वाढतो. २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला साधारण अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे जवळजवळ दहापट, आणि आपण काहीच चुकीचं केलेलं नसतं, फक्त एक दगड ठेवलेला असतो. म्हणून इथपर्यंत येऊनही कारण सापडलं नसेल तर अमोनिया आणि पीएचचं टेस्ट किट घ्या.

लाकूड कुठल्या झाडाचं आहे

हे कठीण, कारण नदीत वाहून आलेल्या ओंडक्यावर नाव लिहिलेलं नसतं. माझा नियम सरळ आहे, झाड ओळखता आलं नाही तर लाकूड टँकमध्ये नाही.

पेरू उत्तम, घट्ट आणि वळणदार, वाडीत छाटणी झाली की मागून ठेवा. चिंच चालते. जांभूळही, जुन्या विहिरींच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालायचे ते उगीच नाही, पाण्यात ते लवकर कुजत नाही. बाभळीचं घट्ट असतं पण टॅनिन भरपूर, भिजवायला धीर हवा. आंबा मऊ, कुजतो.

कडुनिंब, निलगिरी, कण्हेर, रुई, शेर, करंज, गेळफळ यातलं काहीही नको. शेर, करंज, गेळफळ तर पूर्वी ओढ्यात मासे गुंगवून पकडायलाच वापरायचे. पाइन, देवदार, पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या, त्यात राळ असते, तेलकट तवंग बहुतेक तिथूनच येतो.

आणि द्राक्षाचं खोड. आमच्या भागात निफाड, पिंपळगावकडे जुनी बाग काढली की बांधावर त्या खोडांचे ढीग पडतात आणि ती दिसतात इतकी देखणी की हात आपोआप जातो. मी एकदा नातेवाइकांच्या बागेतलं एक आणलं, दोन आठवडे भिजवलं, टँकमध्ये ठेवलं. मासे मस्त होते. पाचव्या दिवशी पहिली चेरी श्रिंप मेली, दहा दिवसांत चाळीसेक श्रिंपची वसाहत गेली, गोगलगायी काचेवरून खाली पडून राहिल्या. बागेवर वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण फवारलेलं असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचुदातलं तांबं माशांना चालेल इतकं कमी असलं तरी श्रिंप आणि गोगलगायींना मारतं. बाकीची फवारणी वेगळीच. खोड काढलं, तीन वेळा पाणी बदललं, कार्बन टाकला, उरलेल्या गोगलगायी आठवड्यात परत चालायला लागल्या. फवारलेल्या बागेतलं लाकूड उकळून, भिजवून, घासून शुद्ध होतं यावर माझा आता विश्वास नाही. तसंही द्राक्षाचं खोड पाण्यात लवकर कुजतं.

तपासून पास झालं, आता आत ठेवायच्या आधी

लाकूड जुन्या पातेल्यात किंवा तपेल्यात तासभर उकळा, पाणी टाका, परत उकळा, रंग फिका होईपर्यंत. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. पातेल्यात न मावणाऱ्या लाकडावर उकळतं पाणी ओता, उलटं करून परत ओता. मग भिजत ठेवा, बुडायला आठवडे लागू शकतात. लाकडाला ब्लीच लावू नका, ते शोषून घेतं आणि नंतर सोडत बसतं. तरंगत असेल तर ग्रॅनाइटच्या तुकड्याला स्टेनलेस स्क्रूने बसवा, लोखंडी खिळा किंवा तांब्याची तार नको.

दगड मात्र कधीही उकळू नका, गॅसवर किंवा ओव्हनमध्ये ठेवू नका. फटीत, पोकळीत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून कपचे उडतात, आपला पोकळ्यांचा बेसाल्ट तर नक्कीच या यादीत. ब्रशने घासायचा, गरम पाणी ओतायचं, कडक उन्हात दोन-तीन आठवडे वाळवायचा. तेवढ्याने जळवा, गोगलगायींची अंडी, चतुराच्या अळ्या जातात. चतुराची अळी पिल्लं खाते, एक राहिली तरी गप्पीची आख्खी खेप संपते.

कुठून आणता हेही बघा. अभयारण्यातून, देवराईतून काही उचलू नका. खारफुटीचं लाकूड नको, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावरचं प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली येतं, मेलेलं असलं तरी. आणि ओढ्यातून आणायचं तर एखाददुसरा दगड, कारण त्या दगडाखालीही कुणीतरी राहत असतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर बाकी सगळं सोडा. दगड घसरून हीटर फुटलेला असू शकतो. बोर्डावरून मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा, आणि इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत टँकला हात नाही.

काचेला तडा गेला, किंवा खालच्या काचेच्या सांध्यातून ओल येतेय: पाणी एक तृतीयांशावर आणा, मासे एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा खडा) लावलेल्या बादलीत हलवा, टँक बनवणाऱ्याला बोलवा. भरलेल्या टँकला घरी बाहेरून सिलिकॉन लावून काही होत नाही. दोन फुटी टँकमध्ये पन्नास-पंचावन्न लिटर पाणी असतं, ते सगळं दिवाणखान्यात येईल. दगड नेहमी आधी फोमच्या पातळ तुकड्यावर थेट तळाशी ठेवा आणि मग ग्रॅव्हल भरा, ग्रॅव्हलवर ठेवलेला दगड मासे खालून उकरतात आणि तो एक दिवस काचेवर जातो.

आणि वस्तू काढून, दोनदा पाणी बदलून, अमोनिया शून्य दाखवत असूनही दोन दिवसांनंतर मासे मरतच असतील तर आता हा दगड-लाकडाचा प्रश्न राहिलेला नाही, दुकानातून निळं-पिवळं औषध आणून अंदाजाने ओतू नका, त्यातल्या काहींमध्ये तांबंच असतं. माशांचं कळणारा पशुवैद्य गाठा किंवा रत्नागिरी, नागपूर, उदगीर यातल्या जवळच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा. पाणी बदलायच्या आधी स्वच्छ बाटलीत लिटरभर नमुना भरून फ्रिजमध्ये ठेवा, नुकताच मेलेला मासा वेगळ्या पिशवीत बर्फावर, फ्रीझरमध्ये नाही, आणि तो दगड किंवा लाकूडही सोबत न्या.